माणिकातली काच

१५ नोव्हेंबर २००५, मंगळवार

आले होते. सव्वाबाराला आले, साडेबाराला गेले. पंधरा मिनिटं.

एक पाचूची अंगठी घेऊन आले होते. टिळक रोडवरच्या एका बाईंची, सासूबाईंकडून आलेली. बाईंनी ती कुठल्याशा नव्या दुकानात स्वच्छ करायला दिली. तिथे गरम पाण्यात, त्या थरथरणाऱ्या मशीनमध्ये ठेवली. बाहेर काढली तर पाचू फिका आणि आत जाळंच जाळं. बाई म्हणतात, खडा बदलला. बदललेला नाही. पाचूत भेगा असतातच. त्यांत तेल मुरवतात, म्हणून त्या दिसत नाहीत. गरम पाण्यात तेल सुटलं आणि भेगा उघड्या पडल्या.

मायक्रोस्कोपखाली दाखवलं. किती वेळ बघत राहिले! मग म्हणाले, बाईंना मीच समजावतो, तेल पुन्हा मुरवता येतं, पण पुन्हा गरम पाणी दाखवायचं नाही.

सगळे कारागीर मला ताई म्हणतात. हे मॅडम म्हणतात. याचा काही अर्थ काढू नये.

काढला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

डबा अर्धा परत. आई म्हणाली, "भाजीत मीठ नव्हतं की तोंडाला चव नव्हती?" आईला काय सांगणार. मंगळवारनंतरचा बुधवार असाच असतो.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही नवी. जुनीत त्यांचं नाव एकदाही नाही, कारण धाकट्या भावाला, प्रज्ञेशला, दिसेल ती वही चाळायची सवय. आता भाऊसाहेब कोथरूडला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये, हिंजवडीच्या कंपनीची बस दारात. येरवड्याच्या या दोन खोल्यांत मी आणि आई. आईला वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा कायम हरवलेला असतो. तेव्हा लिहायला हरकत नाही.

जब्बार.

बाहेर सगळे जब्बारभाई म्हणतात, मीसुद्धा. इथे भाई लिहायचं नाही.

रविवार पेठेत त्यांची बसायची जागा. तीस वर्षं खडे बसवतात. लक्ष्मी रोडच्या चार-पाच पेढ्यांचं बारीक काम त्यांच्याच हातचं. आमच्या सदाशिव पेठेतल्या खडे तपासणीच्या लॅबमध्ये आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले. तेव्हा त्यांच्या पत्नी नसीमबानू होत्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी उम्मेहानी कल्याणीनगरला एका कंपनीत अमेरिकेतल्या लोकांचे फोन घेते.

आणि मी. एमएस्सी, रत्नशास्त्राचा डिप्लोमा, वय एकोणचाळीस. तीन स्थळं आली आणि गेली. मग अण्णांचं आजारपण, मग प्रज्ञेशचं इंजिनिअरिंग. नंतर विचारायचं राहूनच गेलं. लोकांचंही, माझंही.

त्यांना शिकायची हौस आहे, हे मला फार आवडतं. सप्टेंबरात ती नवी माणकं पहिल्यांदा आली. हलक्या, भेगाळ माणकात शिशाची काच वितळवून भरतात. भेगा नाहीशा, खडा लालभडक. वजन बरोबर, बाकीच्या चाचण्यांतही बरोबर. मायक्रोस्कोपखाली मात्र खडा जरा फिरवला की आत निळसर झाक मारते आणि चपटे बुडबुडे दिसतात. मी त्यांना बोलावून दाखवलं. तीनदा बघितलं. चौथ्यांदा मी न सांगता त्यांनी स्वतःच्या भिंगातून ओळखलं. लहान मुलासारखे खूष. मीही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय लिहू!

लग्नसराई. सकाळीच शेटजींच्या पेढीवरून अकरा माणकांची पुडी, सर्टिफिकेटं आजच्या आज हवीत म्हणून निरोप. दोन वाजता लोडशेडिंग. लॅबचे मालक, सर, बँकेत गेलेले. पावणेदोनला जब्बार आले. म्हटलं, बसा, पाचच मिनिटं. अकरा नग उरकले, सह्या केल्या, पुडी बांधून ठेवली. तेवढ्यात वीज गेली.

चाळीस मिनिटं बसलो होतो! खिडकीशी, कोपऱ्यावरचा चहा घेऊन. मशिनं बंद, पंखा बंद, खालच्या स्कूटरींचा तेवढा आवाज. नसीमबानूंबद्दल बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, उम्मेहानीची ड्यूटी उलट्या वेळांची, दोघं एका ताटाला कधी बसत नाहीत. गरम जेवायची सवयच गेली. काय बोलणार? 'माझ्याकडे या, गरम वाढते'?

वीज आली तेव्हा दोघंही दचकलो.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

एक मुलगी आली होती. सॉफ्टवेअरमध्ये आहे, सहावा महिना. नवऱ्याने परदेशातून निळा टोपाझ आणलाय गळ्यातला. कुणीतरी तिला सांगितलं, हे खडे किरणांनी निळे करतात, बाळाला अपाय होईल. घाबरलेली होती.

तिला खरं ते सांगितलं. किरण देऊनच निळा करतात. मग किरणोत्सर्ग उतरेपर्यंत महिनोन्‌महिने बाजूला ठेवून मगच विकायला सोडायचे असा नियम आहे. तसं केलं असेल तर भीती नाही. पण हाच खडा तसा ठेवला होता की नाही, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. मुंबईला मोजून मिळेल. तोवर घालू नका. सर नंतर म्हणाले, एवढं कशाला सांगत बसायचं, 'काही होत नाही' म्हणून मोकळं व्हायचं. म्हटलं, सर, मी न मोजलेलं सांगत नाही.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

आले. घाईत होते. पुडी ठेवली, गेले. दारातून एकदा मागे वळून बघितलं. की चप्पल नीट करत होते?

३ डिसेंबर, शनिवार



दुपारी शेटजींचा फोन सरांना. साखरपुड्याची अंगठी होती, चैताली नावाच्या मुलीची. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने घेतलेली, मधोमध माणिक, आमचं सर्टिफिकेट. अंगठी घट्ट झाली म्हणून वाढवायला परत आली. ती जब्बार यांच्याकडे गेली. त्यांनी कडी कापून मध्ये सोनं घातलं, ज्योत लावून झाळलं, साफ करायला तेजाबात टाकलं, जसं तीस वर्षं करतात तसं. काढली तर माणकावर पांढऱ्या रेघांचं जाळं आणि वर काचेचा एक थेंब गोठलेला.

मुलीकडचे म्हणतात, अपशकुन झाला. शेटजी म्हणतात, जब्बारने खडा जाळला. सरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "हात चुकला असेल. वय होतं माणसाचं."

माणिक असं जळत नाही. खरं माणिक एवढ्या ज्योतीला भीत नाही, तेजाबालाही नाही. काच भिते.

५ डिसेंबर, सोमवार

सर यायच्या आधी जाऊन रजिस्टर काढलं. २२ नोव्हेंबरची अकरा माणकं. चैतालीच्या अंगठीतलं सातव्या क्रमांकाचं.

वजन, अकराही नगांचं. वक्रीभवन, अकराही. मायक्रोस्कोपच्या रकान्यात पहिल्या चौघांपुढे माझ्या अक्षरात तीन-तीन ओळी. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत एकच शब्द.

'वरीलप्रमाणे.'

सात खडे मी मायक्रोस्कोपखाली धरलेच नाहीत. खाली सही. शा. ना. गायकवाड. टपोरी, स्वच्छ.

दोन वाजता वीज जायची होती. म्हणून घाई झाली.

६ डिसेंबर, मंगळवार

सुटी घेतली. आईला घेऊन स्टेशनजवळ पुतळ्याला वंदन करून आले. केवढी गर्दी, केवढी शांत. आईने हात जोडले, डोळे पुसले, मान वर करून बघत राहिली. मला मान वर करवेना.

८ डिसेंबर, गुरुवार

सरांना सांगितलं. रजिस्टर पुढ्यात ठेवलं.

बराच वेळ चष्मा पुसत बसले. वाईट माणूस नाही. अण्णा गेले तेव्हा नोकरी यांनीच दिली. डिप्लोमाची फी यांनीच भरली. शरच्चंद्र नावाची पाटी वीस वर्षं त्या दारावर आहे, आणि शहरात त्या पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. म्हणाले, उरलेले दहा खडे काहीतरी निमित्त काढून परत मागवू, नीट तपासू, नवे कागद देऊ. गुपचूप. मी विचारलं, आणि अंगठीचं? म्हणाले, ती ज्याच्या हातात होती त्याच्या हातात बिघडली.

मी म्हटलं, बिघडली माझ्या टेबलावर.

तेव्हा पहिल्यांदा आवाज चढला. "तुमच्या एका 'वरीलप्रमाणे'साठी चार माणसांची पोटं उघड्यावर आणू का, शालन? सांगा. आणतो."

मी रजिस्टर उचललं आणि जागेवर ठेवून दिलं.

१२ डिसेंबर, सोमवार

खडे परत आले. तपासले. सगळे, मायक्रोस्कोपखाली, दोन-दोनदा. पाचवा, नववा, दहावा काचेने भरलेले. निळी झाक काय सुरेख दिसते! शाळकरी पोरालाही दिसली असती.

ते तिन्ही सरांनी लॅबच्या नावे ठेवून घेतले, शेटजींना दुसरे दिले. शेटजींनी कारण विचारलं नाही. सरांनी सांगितलं नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार

आले नाहीत.

२० डिसेंबर, मंगळवार

आले नाहीत. पुड्या आता उत्तरेश्वर आणतो, त्यांच्या शेजारी बसणारा कारागीर. सांगत होता, चार पेढ्यांनी जब्बारभाईंचं काम थांबवलंय. भाई भांडतच नाहीत. लोकांनी विचारलं तर एवढंच म्हणतात, माझ्याच हातून झालं असेल. बारीक काम कुणी आणलं तरी घेत नाहीत. बांगड्या ठोकतात, साखळ्या झाळतात.

का नाही भांडत? त्यांना माहीत आहे माणिक कसं असतं! निदान एकदा म्हणावं, त्या खड्यातच खोट होती. त्यांनी म्हटलं असतं तर मला बोलणं सोपं झालं असतं.

शी. हे काय लिहिलं मी.

२१ डिसेंबर, बुधवार

दिवसभर एकच डोक्यात. त्या काचेत शिसं असतं. ज्योत लावली तेव्हा तोंड किती जवळ असेल त्यांचं? ते नेहमी अगदी वाकून काम करतात. खोलीला खिडकी आहे की नाही? आठ वर्षांत कधी विचारलं नाही.

२४ डिसेंबर, शनिवार

गेले होते. रविवार पेठेत, त्यांच्या जागी. खिडकी आहे. मोठी आहे.

मला बघून उठले. स्टूल पुसून दिलं. त्यांचं बारीक कामाचं भिंग डबीत बंद करून वर फळीवर ठेवलेलं. पुढ्यात बांगड्या. मी उम्मेहानी कशी आहे विचारलं, त्यांनी तुमच्या आई कशा आहेत विचारलं. मी म्हटलं, जब्बारभाई, त्या माणकाबद्दल... तर मला पुढे बोलूच दिलं नाही. "जाऊ द्या, मॅडम. खडा गेला. त्याचं दुःख तुम्ही कशाला करता?" आणि माझ्याकडे न बघता बांगडी फिरवत राहिले.

मी बोलू शकत होते. जिना उतरेपर्यंत बोलू शकत होते. उतरून मनपाच्या स्टॉपवर येईपर्यंत परत फिरू शकत होते. बस आली, चढले.

किती बारीक झालेत.

१ जानेवारी २००६, रविवार

वर्षाच्या पहिल्या दिवशी तरी खरं लिहावं. इथे माझ्याशिवाय कोण आहे?

वीज जायची होती म्हणून नाही. वीज गेली असती तर दुसऱ्या दिवशी तपासले असते, शेटजी ओरडले असते, सवय आहे. जब्बार बाहेरच्या खोलीत बसले होते. थांबायला लागलं तर निघून जातील, पुन्हा सात दिवस, असं वाटलं. एकेका खड्याला दोन मिनिटं, म्हणजे सात खड्यांची चौदा. ती चौदा मिनिटं मला त्यांच्यासोबत हवी होती.

त्यांच्याशी बोलायला मिळावं म्हणून मी त्यांचाच गळा कापला.

११ जानेवारी, बुधवार

बकरी ईद. दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मिठाईचा डबा यायचा. उद्या येणार नाही हे माहीत आहे. तरी उद्याची साडी आजच काढून ठेवली.

१२ जानेवारी, गुरुवार

नाही आला.

१९ जानेवारी, गुरुवार

रविवारी रविवार पेठेतल्या हॉलमध्ये कारागिरांची बैठक आहे. पेढीवाल्यांनाही बोलावलंय, सरांनाही. विषय एकच: काम करताना खडा बिघडला तर जबाबदारी कुणाची. उत्तरेश्वर म्हणाला, जब्बारभाईंच्या प्रकरणानंतर सगळे धास्तावलेत.

नवव्या क्रमांकाचा खडा सरांकडून मागून घेतला. कशाला, असं विचारलं. म्हटलं, अभ्यासाला. त्यांनी कपाटाची किल्ली दिली आणि माझ्याकडे बघत राहिले. समजलं असावं त्यांना. तरी दिली.

घरी येऊन वाटीत लिंबू पिळलं आणि खडा त्यात टाकला. आई म्हणाली, "हे काय, लोणचं घालतेस माणकाचं?" मग समजावून सांगितलं. खरं माणिक महिनाभर राहिलं तरी तसंच. काच भरलेली असेल तर लिंबूसुद्धा तिला खातं.

आईने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. जब्बार सोडून बाकी सगळं. की तेही? शेवटी म्हणाली, तुझे अण्णा छापखान्यात होते. एक अक्षर चुकलं तर आख्खं पान फोडून पुन्हा जुळवायचे. साहेबाला सांगायचे, माझं चुकलं. एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

२१ जानेवारी, शनिवार

खड्यावर पांढऱ्या रेघा. नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लालभडक माणकावर कोळ्याने जाळं विणावं तशा.

२२ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या माझं मलाच वेगळं आठवेल.

अकराला हॉल भरला. साठ-सत्तर माणसं, बाई मी एकटी. पुढच्या रांगेत शेटजी, शेजारी सर. जब्बार मागे, दाराजवळच्या खुर्चीवर. शेटजी बोलले, आम्ही कागद बघून माल घेतो, कागद खरा असेल तर जबाबदारी हाताची. कारागिरांत कुजबुज झाली, पण उठून कुणी बोलेना. पेढ्या त्यांना पोसतात.

मी हात वर केला. समोरची खुर्ची धरून उभी राहिले. डबीतून नववा खडा काढला, पांढऱ्या रुमालावर ठेवून पहिल्या रांगेत दिला. म्हटलं, हा अंगठीतल्या माणकाचा भाऊ, त्याच पुडीतला. याला ज्योत लावलेली नाही, तेजाब दाखवलेलं नाही. दोन दिवस लिंबाच्या रसात होता. रुमाल हातोहात मागे गेला. एकेक जण उजेडाकडे धरून बघत होता.

मग काच कशी भरतात ते सांगितलं. ज्योत, तेजाब, लिंबू, घरातलं चिंचेचं पाणीसुद्धा तिला कसं खातं ते सांगितलं. ज्योत लावली तर शिशाचा धूर नाकात जातो, म्हणजे खडाच नाही, माणूसही बिघडतो, हेही सांगितलं. शेटजी म्हणाले, हे सगळं ठीक, पण कागदावर तर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "कागद माझा आहे. तो खडा मी मायक्रोस्कोपखाली धरलाच नाही. न बघता सही केली. जब्बारभाईंच्या हाताचा यात काडीचा दोष नाही."

सर खाली बघत होते. शेटजींनी विचारलं, न बघता का? मी म्हटलं, घाई होती. कसली, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे. देव नाही आमच्यात, तरी.

मी मागे वळून बघितलं. जब्बार उभे राहिले होते. माझ्याकडे सरळ बघत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग दार उघडून निघून गेले. बैठक संपायचीही वाट बघितली नाही.

साठ माणसांत मला एकट्याच माणसाचं जाणं ऐकू आलं.

२३ जानेवारी, सोमवार

राजीनामा दिला. सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. भिंतीवरचा माझा डिप्लोमा खिळ्यावरून स्वतः काढला, वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. म्हणाले, पंधरा वर्षांत तुमचं रजिस्टर मी कधी उघडून बघितलं नाही. चूक माझीही आहे. पण तुम्हाला इथे ठेवू शकत नाही.

बसमध्ये डिप्लोमा मांडीवर. काच फुटू नये म्हणून त्यावर हात धरून बसले.

३१ जानेवारी, मंगळवार

आईबरोबर मटार सोलले. सव्वाबारा वाजलेले कळलेच. न बघता.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

चैतालीचा फोन! नंबर पेढीवरून मिळवला. नवीन अंगठी करून मिळाली, बिनखड्याची. ठरलेल्या तारखेला लग्न आहे. म्हणाली, घरचे मला अपशकुनी म्हणत होते, तुमच्यामुळे ते बंद झालं. मला हे सुचलंही नव्हतं. मी एकाच माणसाचा विचार करत होते, आणि तिकडे एक पोरगी दोन महिने घरच्यांचे टोमणे खात होती.

प्रज्ञेश येऊन गेला. म्हणाला, ताई, आमच्या कंपनीत डेटा एंट्रीला बघू का? बघ म्हटलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

राग येणं बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर तोंड पाहिलं नसतं. हे मला पटतं. रोज सकाळी पटतं. दुपारपर्यंत टिकत नाही.

राग येऊन भांडायला आले असते तरी चाललं असतं. दारात उभं राहून चार शब्द बोलले असते, मी ऐकून घेतले असते, पाणी दिलं असतं. पाणी घेतलं असतं का?

आठ वर्षांत त्यांचा एक फोटो नाही माझ्याकडे. हात आठवतात. डाव्या अंगठ्यावर जुना भाजल्याचा डाग आहे. आवाज आठवतो. चेहरा आठवायला गेलं की दारातून बाहेर पडणारी पाठ दिसते.

१२ फेब्रुवारी, रविवार

उत्तरेश्वर घर शोधत आला. बरोबर आणखी दोन कारागीर. त्यांनी ठरवलंय, लग्नसराईतला कुठलाही रंगीत खडा ज्योतीजवळ न्यायच्या आधी माझ्याकडून बघून घ्यायचा. म्हटलं, माझी सही आता कोण मानणार? उत्तरेश्वर म्हणाला, चूक कबूल केलेली सही आम्हाला चालेल. जुना मायक्रोस्कोप ते मिळून बघतायत.

आईने तिघांना पोहे केले. जब्बारभाईंचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही. जाताना उत्तरेश्वर एवढंच म्हणाला, भाई कामात असतात. बरं, म्हटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

जब्बार घरी आले होते. बैठकीनंतर आज पहिल्यांदा भेटले.

उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, ज्योत लावायच्या आधी मी तो खडा भिंगाखाली धरला होता. निळी झाक दिसली. तुम्हीच शिकवलेली. पण कागदावर सही तुमची. म्हटलं, त्यांना दिसली नाही, म्हणजे ती नाहीच. माझे डोळे गेले."

दोन महिने हे गृहस्थ स्वतःचे डोळे गेले असं धरून बांगड्या ठोकत बसले होते. डॉक्टरने तपासून ठीक आहेत म्हणून सांगितलं, तेही पटलं नाही.

मी विचारलं, मग बैठकीतून उठून कुठे गेलात?

"दुकानात. सात हिऱ्यांच्या कुड्या पडून होत्या, त्या घेऊन बसलो. सगळं दिसत होतं."

रागावून गेले नव्हते. कामाला गेले होते.